शपथेवरची जाहिरात

भोंगेरावांचं खरं नाव त्यांच्या आईने मोठ्या हौसेने ठेवलं होतं, पण ते वापरायची वेळ फारशी कुणावर आली नाही. एक तीनचाकी गाडी, तिच्या टपावर दोन भोंगे, सीटखाली बॅटरी आणि हातात माइक, एवढ्या भांडवलावर ते गावभर दुकानांच्या जाहिराती करत फिरायचे. आवाज देवाने सढळ हाताने दिलेला. खोल, गोल आणि जरासा ओलसर. त्यांनी नुसतं "पाणी आणा" म्हटलं, तरी ऐकणाऱ्याला वाटायचं, हे पाणी काही वेगळंच असणार, आपणही घोटभर घ्यावं.

या धंद्यात एकच अडचण होती. त्या आवाजाला बळी पडणारं पहिलं गिऱ्हाईक स्वतः भोंगेराव असायचे. सकाळी "एकदा घ्या, आयुष्यभर वापरा" असं गर्जत निघायचे आणि दुपारी तीच वस्तू काखोटीला मारून घरी यायचे. घरात एक सुरी होती, जिला कधीच धार लावावी लागत नाही अशी तिची ख्याती. ते खरंच होतं, कारण मुळात तिला धारच नव्हती. पिसासारखी हलकी रजई होती. ऊबही एका पिसाएवढीच. एक वाफेची इस्त्री होती, जी कपडे सोडून घरातल्या सगळ्यांना वाफ द्यायची.

"लोक म्हणतात, तुमचा नवरा गावाला गंडवतो," त्यांची बायको म्हणायची. "मी म्हणते, उगाच आळ घेऊ नका. तो आधी स्वतःला गंडवतो. गाव नंतर त्याच्या मागून जातं."

भोंगेराव हसून सोडून द्यायचे. बोलणाऱ्याची मातीही खपते आणि न बोलणाऱ्याचे गहूही पडून राहतात, ही म्हण त्यांना तोंडपाठ होती आणि तिच्यावर घर चाललं होतं.

मग ती घडीची खुर्ची आली.

बाजारातल्या फर्निचरवाल्याने ती नवीन आणली होती. "हत्ती बसला तरी हलणार नाही," हे वाक्य भोंगेरावांचंच. ते त्यांनी इतक्या मायेने उच्चारलं, की गल्लोगल्ली लोकांना तो हत्ती दिसला, खुर्चीत मागे रेलून बसलेला. त्यांच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून एक काकू राहायच्या. शिवणकाम करायच्या म्हणून सगळे त्यांना शिलाईकाकू म्हणत. काकूंनी मशीनपुढे बसायला ती खुर्ची घेतली. आठवडाभर सगळं ठीक चाललं. मग एका सकाळी एका ब्लाउजची बाही जोडता जोडता खुर्चीने आपला धर्म पाळला. घडीची होती, तिने घडी घातली. फक्त काकू आत असताना घातली.

शेजारणींनी काकूंना पाकिटातून पत्र काढावं तसं बाहेर काढलं. हाडं शाबूत होती, पण कंबर चांगलीच धरली. जरा चालता येऊ लागल्यावर काकू एका हाताने भिंत धरत आणि दुसऱ्या हाताने ती खुर्ची ओढत भोंगेरावांच्या दारात आल्या. खुर्ची त्यांनी उघडून अंगणात मांडली.

"बस," त्या म्हणाल्या.

"काकू, मी उभाच बरा आहे."

"का? हत्ती बसतो, तुला काय झालं?"

भोंगेरावांचा तो गोल आवाज कुठे चपटा झाला कळलं नाही. "काकू, खुर्ची काय मी बनवली? तुम्ही खरं म्हणजे त्या फर्निचरवाल्याकडे जायला हवं."

"त्याला मी ओळखत नाही. खुर्ची घ्या म्हणून मला त्याने सांगितलं नव्हतं. तू सांगितलंस. माझ्या खिडकीखाली उभा राहून, दोनदा."

एवढं बोलून काकू भिंत धरत निघून गेल्या. खुर्ची तिथेच राहिली.

भोंगेराव ती उचलून तडक फर्निचरवाल्याकडे गेले. फर्निचरवाला गल्ल्यामागे चहा पीत होता. त्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"आपण हत्तीबद्दल बोललो होतो," तो म्हणाला. "काकूंबद्दल एक शब्द तरी काढला होता का?"

"अहो, म्हातारीची कंबर मोडता मोडता राहिली!"

"वाईट झालं. बदलून देतो दुसरी. पण भोंगेराव, तुम्ही एवढे जुने या धंद्यातले, तुम्ही असं मनाला लावून घेता? जाहिरात होती ती. शपथ थोडीच होती!"

त्या दिवशी भोंगेराव जेवताना गप्प होते. बायकोला आधी वाटलं, घसा बसला. तिने गरम पाणी पुढे केलं, तेव्हा त्यांनी सगळी हकीकत सांगितली आणि शेवटी फर्निचरवाल्याचं ते वाक्यही सांगितलं.

"मग शपथेवर करा," बायको म्हणाली.

"काय?"

"जाहिरात. जी वस्तू या घरात वापरून बघितली, तिच्याबद्दलच बोलायचं. आणि वापरून बघणार मी. तुमच्यावर माझा काडीचा भरवसा नाही, तुम्हाला सगळंच आवडतं."

"आणि चांगली नाही निघाली तर?"

"तर तिच्याबद्दल तोंड उघडायचं नाही. आणि चांगली निघाली तरी आधी तिची खोड सांगायची, मग गुण."

"अगं, खोड सांगून कोण विकतं?"

"हे घर आपण भाड्याने घेतलं तेव्हा मालकाने आधीच सांगितलं होतं ना, की नळाला पाणी कमी येतं? म्हणून तर पुढे तो जे जे बोलला ते आपल्याला खरं वाटलं."

भोंगेरावांना पटलं की नाही, कुणास ठाऊक. पण काकूंचं ते "दोनदा" त्यांच्या कानातून जात नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळ्या दुकानदारांना नवीन नियम सांगितला, आणि दुकानदार एकेक करून त्यांच्यापासून असे लांब झाले, जसं मांजर आंघोळीच्या बादलीपासून होतं. एकाने विचारलं, डोक्यावर परिणाम झालाय का. एकाने डॉक्टरचा पत्ता दिला. फर्निचरवाल्याने तर दुसराच माणूस लावला. त्याचा आवाज पत्र्यावरून खिळा ओढावा तसा होता, पण तो हत्तीवर दोन माणसंही बसवायला तयार होता.

गाडी दारात उभी राहू लागली. भोंग्यात चिमण्या येऊन बसायला लागल्या. अशात एक दिवस चपलेवाले आले.

चपलेवाल्यांचं दुकान एका जिन्याच्या पोटात होतं. रस्त्यावरून दिसायचंच नाही. माणूस जाडजूड, रागीट आणि मनाने सरळ. चपला स्वतः शिवायचे. दुसरा कुणी त्यांची जाहिरात करायला तयार नव्हता, कारण चपला दाखवल्या की लोक आधी हसायचे. जाड तळ, रुंद पट्टे, रंग चिखलाचा. भोंगेरावांच्या बायकोने जोड हातात घेतला, उलटा केला, वास घेतला आणि म्हणाली, "घालून बघते. घाई करायची नाही."

पहिले काही दिवस घरात कुणाची बोलायची छाती नव्हती. चपला चावत होत्या. बाई संध्याकाळी घरी आली, की त्या काढून कोपऱ्यात अशा भिरकावायची, जसं काही त्यांनी तिचं काही चोरलं होतं. भोंगेरावांनी मनातल्या मनात चपलेवाल्यांची माफी मागून ठेवली. पण मग एका दुपारी ती विजेच्या बिलाच्या रांगेत उभी राहून आली, पंख्याखाली बसली आणि म्हणाली, "अहो, गंमत बघा. दोन तास उभी होते आणि मला पाय आहेत हेच विसरले."

"मग? बोलू?"

"बोला. पण सगळं बोला."

भोंगेराव गाडी घेऊन बाजारपेठेकडे वळणार, तेवढ्यात ती म्हणाली, "तिकडे कुठे? तिकडे लोक नटून येतात. दवाखान्याच्या फाटकापाशी जा. शाळेपाशी जा. दिवसभर उभं राहून ज्यांचे पाय दुखतात, त्यांना सांगा."

दवाखान्यासमोरच्या रस्त्यावर भोंगेरावांनी माइक हातात घेतला. सवयीने तोंडातून "पायात घाला आणि हवेत चाला" निघणार होतं, ते त्यांनी गिळलं. मग तो खोल, गोल आवाज रस्त्यावर घुमला.

"या चपला देखण्या नाहीत! घालून लग्नाला जाऊ नका, लोक नवरीकडे न बघता तुमच्या पायांकडे बघतील! पहिले चार-पाच दिवस चावतात! माझ्या बायकोला चावल्या आहेत, मी साक्षीदार आहे! पण त्यानंतर दिवसभर उभं राहा, पाय कुरकुर करणार नाहीत! दुकान जिन्याखाली आहे, वाकून आत या, नाहीतर डोकं आपटेल!"

चपलेवाले जाहिरात कशी होतेय ते ऐकायला मुद्दाम कोपऱ्यावर येऊन उभे राहिले होते. "देखण्या नाहीत" ऐकताच त्यांचे कान तापले. "चावतात" ऐकल्यावर ते धावत सुटले.

"बंद करा! ए भोंगेराव! बंद करा ते!"

भोंगेरावांनी आरशात बघितलं. एवढा मोठा देह, लाल झालेलं तोंड, हातात शिवायची आरी. ते घाबरले आणि त्यांनी गाडी पळवली. घाबरल्यामुळे माइक मात्र बंद करायचा राहिला. पुढे गाडी, तिच्यातून "चपलेवाले, आधी ऐका तर, अहो, ती आरी तरी खाली ठेवा" असा मधुर आवाज, आणि मागे चपलेवाले. दवाखान्याचे कर्मचारी खिडक्यांतून बघत होते. रिक्षावाले थांबले. शाळेचं फाटक आलं, तिथे पोरांनी टाळ्या वाजवल्या. आणि सगळ्या रस्त्याने एक गोष्ट डोळ्यांनी पाहिली, की शंभर किलोचा माणूस खडीवरून, गटारावरून, फुटपाथच्या कडेवरून वाऱ्यासारखा धावतोय, आणि पायातल्या चपला पायातच आहेत.

शेवटी पेट्रोल संपलं म्हणून गाडी थांबली. चपलेवाले धापा टाकत आले, त्यांनी आरी उगारली आणि ते शब्द शोधू लागले. तेवढ्यात मागून एक नर्सबाई आल्या.

"या त्याच का, चावणाऱ्या?" त्यांनी वाकून चपलेवाल्यांच्या पायांकडे बघत विचारलं. "माझ्या मापाच्या मिळतील?"

चपलेवाल्यांनी पुढे महिनाभर भोंगेरावांशी अबोला धरला. मग एक दिवस स्वतःच घरी आले आणि चहा घेता घेता म्हणाले, "फार काही गर्दी झाली नाही हो. पण जे आले त्यांनी घासाघीस केली नाही. आणि चावते म्हणून चप्पल परत करायला कुणी आलं नाही. आधी रोज एक यायचा."

इथून गाडीच्या भोंग्यातल्या चिमण्यांना दुसरी जागा शोधावी लागली. मोठे दुकानदार आले नाहीत ते नाहीतच. पण छोटे येऊ लागले, ज्यांच्याकडे सांगण्यासारखं थोडं होतं आणि तेही कसं सांगावं हे कळत नव्हतं. भोंगेराव त्यांना ओट्यावर बसवायचे, आणि सल्ला बहुतेक वेळा आतून, स्वयंपाकघरातून यायचा.

झेरॉक्सवाला जाहिरात करा म्हणून आला, तर आतून आवाज आला, "त्यांना म्हणावं, मशीन बिघडलं की खाली पाटी लावा. लोक तीन मजले चढून येतात आणि शिव्या देत उतरतात. आधी त्या शिव्या थांबवा, जाहिरात नंतर." इस्त्रीवाला आला, तर, "उद्या देतो म्हणता ना? मग उद्याच द्या. जमणार नसेल तर परवा म्हणा. पैसे कशाला घालवता भोंग्यावर?" भोंगेराव बाहेर बसून कपाळाला हात लावायचे. घरची बाई असे सल्ले द्यायला लागली, तर आपण बोलायचं काय?

सगळंच काही सरळ गेलं असं नाही. न्हाव्याचं प्रकरण चांगलंच अंगाशी आलं. हात त्याचा सोन्यासारखा, पण तोंडाला विश्रांती नाही. भोंगेराव स्वतःच तिथे केस कापून घ्यायचे, त्यामुळे घरी परीक्षा घ्यायची गरज पडली नाही. त्यांनी सांगून टाकलं, "हात उत्तम! पण बोलतो फार! घाईत असाल तर येऊ नका!" न्हावी मनाने हळवा. त्याला इतकं लागलं, की त्याने बोलणंच बंद केलं. गिऱ्हाईक खुर्चीत बसायचं, कात्रीचा आवाज यायचा, बाकी स्मशानशांतता. आठ-पंधरा दिवसांत निम्मी गिऱ्हाइकं गळाली, कारण ती केसांसाठी येतच नव्हती. गावात काय चाललंय ते ऐकायला यायची.

"ज्याला तुम्ही खोड म्हणालात ते त्याचं दुकान होतं," बायको म्हणाली. "मला विचारलंत का आधी?"

भोंगेरावांनी न्हाव्याची हातापाया पडून समजूत काढली आणि दुसऱ्या दिवशी त्याच गल्लीत जाहीर केलं, "न्हावी पुन्हा बोलायला लागला आहे! वेळ काढून या!"

आणि मग एक दिवस बायकोने साबण केला.

महिला मंडळात साबण बनवायचा वर्ग झाला होता. बाकीच्या बायकांनी गुलाबाचे, लिंबाचे, नाजूक रंगाचे साबण केले. हिने वर्गातल्या बाईंच्या सांगण्याप्रमाणे अक्रोडाच्या कवचाची पूड घातली, पण ती जरा भरडच राहिली. शिवाय सुगंध महाग म्हणून तो घातलाच नाही. तयार झाली ती एक करड्या रंगाची वीट. तिने अशा विटा दोन टोपल्या भरून केल्या आणि एक भोंगेरावांच्या हातात ठेवली.

"आता तुम्ही परीक्षा घ्या," ती म्हणाली. "नियम तोच."

भोंगेराव न्हाणीघरात गेले. थोड्या वेळाने आतून एक किंकाळी आली. बाहेर आले तेव्हा खांद्यापासून कोपरापर्यंत सोललेल्या गाजरासारखे लाल झाले होते.

"कसा आहे?"

भोंगेरावांच्या आयुष्यात एवढा अवघड प्रश्न कुणी विचारला नव्हता. "मळ... मळ अगदी निघतो," ते म्हणाले.

"अजून?"

"अंग स्वच्छ वाटतं. म्हणजे जेवढं उरलंय तेवढं."

"फेस?"

"फेसाचं काय एवढं, फेस काही..."

"वास?"

"औषधी आहे."

"अहो," बायको म्हणाली, "गावभर चपला चावतात म्हणून सांगत फिरलात. न्हाव्याचा धंदा बुडवलात. आणि माझ्या साबणाला औषधी? उद्या आपल्याच गल्लीत जाहिरात करा. मी ऐकणार आहे."

रात्रभर भोंगेराव कुशीवर वळायला गेले, की अंग चुरचुरायचं आणि सत्याची आठवण व्हायची. सकाळी त्यांनी गाडी आपल्याच घराच्या खिडकीखाली लावली. खिडकीत बायको. ओट्यांवर शेजारपाजार, कारण बातमी कशी कोण जाणे आधीच फुटली होती. कंबर सुधारलेल्या शिलाईकाकू तर स्टूल घेऊन आल्या होत्या.

"आमच्या घरचा साबण!" भोंगेरावांनी सुरुवात केली. "याला फेस... फेस जरा बेताचा येतो!"

"येत नाही म्हणा!" खिडकीतून आवाज.

"फेस येत नाही! वास... वेगळा आहे!"

"ओल्या पोत्याचा आहे!"

"ओल्या पोत्याचा आहे! आंघोळीला..." भोंगेरावांनी डोळे मिटून घेतले. "आंघोळीला वापरू नका हो! मी वापरला! मी तुमच्या पाया पडतो, वापरू नका!"

गल्लीत जो हशा पिकला त्याने भोंग्याचाही आवाज झाकला. भोंगेरावांनी घाबरत घाबरत वर बघितलं. बायको खिडकीच्या गजाला धरून, पदर तोंडात कोंबून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होती.

हशा ओसरल्यावर कोपऱ्यावरचा गॅरेजवाला पुढे आला. त्याचे दोन्ही हात मनगटापर्यंत काळे होते; ते कायमच तसे असायचे. "वहिनी, बघू जरा तो," तो म्हणाला. नळाखाली त्याने ती वीट हातावर घासली. काळं पाणी वाहिलं. मग राखाडी. मग गॅरेजवाला स्वतःच्या हातांकडे बघत राहिला, जणू ते दुसऱ्याच कुणाचे असावेत.

"अरे, हा तीळ मला आहे?" तो म्हणाला.

दोन्ही टोपल्या गॅरेजमध्येच गेल्या. मग दुसऱ्या गॅरेजवाल्याने निरोप पाठवला. मग प्रेसमधल्या, शाईत बुडालेल्या लोकांनी. भोंगेरावांना वाटलं, आता मोठी फेरी काढावी, बाजारपेठ, स्टँड, सगळीकडे. बायकोने मान हलवली.

"जिथे हात काळे होतात तिथेच जायचं. आणि या वेळेला मी येणार."

गॅरेजच्या रांगेपाशी तिने त्यांच्या हातातून माइक घेतला. तिचा आवाज भोंगेरावांच्या आवाजापुढे सुतासारखा बारीक होता. भोंग्यातूनही तो नीट ऐकू येईना, म्हणून हातातले पाने, स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवून लोक गाडीच्या जवळ आले.

"हात धुवायचा साबण आहे," ती म्हणाली. "चेहऱ्याला लावायचा नाही. ज्याला हवा त्याने एकदा इथे धुऊन बघावं. ज्याला नको त्याने आपल्या कामाला लागावं."

एवढंच बोलून तिने माइक खाली ठेवला आणि बादली पुढे केली. भोंगेराव स्टिअरिंग धरून वाट बघत राहिले, की आता ही काहीतरी पुढे बोलेल. ती बोलली नाही. पाणी ओतत राहिली. तिच्याभोवती काळ्या हातांचं कोंडाळं झालं होतं.

"अहो," थोड्या वेळाने ती म्हणाली, "नुसते बसलात काय? खाली उतरा. दुसरी बादली भरून आणा."

भोंगेराव उतरले आणि, एक अक्षरही न बोलता, नळाकडे गेले.